एका वायुभारमापकामागे किती समुद्र?

सुरुवात एका भागाकाराने करू. आर्क्टिक महासागराचं क्षेत्रफळ ढोबळमानाने १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. १९७९ साली या बर्फाळ समुद्रावर हवेचा दाब मोजत वाहणारे बोये होते साधारण २०. म्हणजे एका बोयाच्या वाट्याला ७ लाख चौरस किलोमीटर. आज एका वेळी चालू असलेल्या बोयांची संख्या शंभराच्या पुढे असते. शंभरच धरले, तरी दर बोयामागे १ लाख ४० हजार चौरस किलोमीटर येतात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. तेव्हा चाळीस-पंचेचाळीस वर्षांतली प्रगती अशी: पूर्वी सव्वादोन महाराष्ट्रांना मिळून एक वायुभारमापक होता, आता साधारण सोळा जिल्ह्यांना मिळून एक आहे.

ही झाली सरासरी, आणि ती फसवी आहे. २०१९-२० मध्ये जर्मनीचं ‘पोलारश्टेर्न’ हे संशोधन जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं गेलं आणि बर्फाबरोबर वाहू दिलं गेलं. ‘मोझाइक’ नावाच्या त्या मोहिमेने जहाजाभोवती सुमारे ४० किलोमीटरच्या टापूत शंभराहून अधिक स्वयंचलित उपकरणं मांडली. ४० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जेमतेम ५,००० चौरस किलोमीटर. त्या हंगामात आर्क्टिकमधल्या उपकरणांचा एकूण आकडा भरघोस दिसतो, पण त्या वर्तुळाबाहेरच्या समुद्राला त्याचा उपयोग नव्हता. मोहिमेचा हेतूच वेगळा होता, छोट्या टापूचा बारीक अभ्यास करण्याचा. तिच्यात खोट काढण्यासारखं काही नाही. खोट आहे ती ‘बोये किती?’ या आपल्या प्रश्नात. विचारायला हवेत ते आकडे दोन: मोजमापाविना पडलेलं क्षेत्र किती आणि टाकलेला बोया जगला किती दिवस. विमानातून बोये टाकण्याचा सगळा खटाटोप या दोन आकड्यांसाठी चालतो.

सगळ्यात नीरस आकडा

बर्फ दाखवायला उपग्रह आहेत. १९७८ च्या अखेरीपासून सूक्ष्मलहरी टिपणारी उपकरणं ध्रुवांवरून फिरत आहेत. ढग असोत की काही महिन्यांची सलग रात्र, त्यांना फरक पडत नाही. म्हणूनच १९८१ ते २०१० या काळात सप्टेंबरमधल्या किमान बर्फाची सरासरी सुमारे ६२ लाख चौरस किलोमीटर होती आणि २०१२ मध्ये ती पातळी ३३.९ लाखांवर घसरली, हे आपण ठामपणे सांगू शकतो.

पण समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब उपग्रहाला थेट मोजता येत नाही. तो मोजायला तिथे काहीतरी बसलेलं असावं लागतं. हवामानाच्या बातमीत हा आकडा कुणी ऐकत नाही, १,०१३ हेक्टोपास्कल काय आणि १,००३ काय! ध्रुवीय समुद्रात मात्र बाकीचे बरेच आकडे त्याच्यातूनच निघतात.

कसे, ते हिशेबानेच पाहू. ८० अंश उत्तर अक्षांशावर ५०० किलोमीटर अंतरावर दोन बोये आहेत आणि त्यांच्या दाबात १० हेक्टोपास्कलचा फरक आहे, असं समजा. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम धरून या फरकातून वाऱ्याचा वेग काढता येतो. तो येतो सेकंदाला साधारण ११ मीटर, म्हणजे ताशी ३८-३९ किलोमीटर. आता दुसरी पायरी. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पोलर सायन्स सेंटरमधले ॲलन थॉर्नडाइक आणि रॉजर कॉलनी यांनी सुरुवातीच्या बोयांच्या नोंदींवरून १९८२ मध्ये दाखवलं की, किनाऱ्यापासून दूरच्या बर्फाच्या रोजच्या हालचालीतला ७० टक्क्यांहून अधिक चढउतार एकट्या या वाऱ्याने समजावता येतो आणि बर्फाचा वेग या वाऱ्याच्या सुमारे ०.८ टक्के असतो. ११ मीटरचे ०.८ टक्के म्हणजे सेकंदाला जवळपास ९ सेंटिमीटर, दिवसाला सात-साडेसात किलोमीटर.

दोन वायुभारमापक, एक वजाबाकी आणि दोन गुणाकार एवढ्या भांडवलावर मधल्या ५०० किलोमीटरमधला बर्फ उद्या कुठे असेल याचा बऱ्यापैकी अंदाज हाती येतो. त्यातलं एक उपकरण १ हेक्टोपास्कलने चुकलं, तर दाबातल्या फरकात १० टक्क्यांची चूक शिरते आणि बर्फाच्या अंदाजात रोज पाऊण किलोमीटरची. आणि मधला बोया मुळात नसलाच, तर तिथे घोंघावणारं वादळ नकाशावर उमटण्यासाठी फक्त गणिती प्रारूपाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागतं. युरोपातल्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने बोयांच्या दाबनोंदी प्रारूपातून वगळून पाहिल्या होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अंदाज बिघडल्याचं स्पष्ट दिसलं, आणि बिघाड समुद्रसपाटीपुरता न राहता वातावरणात उंचापर्यंत पोहोचला होता.

तापमानाचं थोडं अवघड आहे. हवेचा दाब हिमाच्या थरातूनही पोहोचतो. बोया हिमात गाडला गेला तरी वायुभारमापक बहुधा खरं बोलतो. तापमापक तसा नाही. सुरुवातीच्या बोयांत तो कवचाच्या आत असे. हिवाळ्यात हिमाची गोधडी अंगावर आली की तो खऱ्या हवेपेक्षा ऊबदार आकडा सांगायचा आणि उन्हाळ्यात कवच उन्हाने तापलं की पुन्हा चढा. त्यामुळे १९७९ पासूनची दाबाची मालिका आणि तापमानाची मालिका एकाच पारड्यात घालता येत नाही. नंतरच्या संशोधकांना तापमानाच्या नोंदी किनाऱ्यावरच्या आणि तरंगत्या रशियन केंद्रांशी ताडून, गाळून घ्याव्या लागल्या.

तरीही एखादा आकडा असा येतो की जग कान टवकारतं. ३० डिसेंबर २०१५ रोजी ८७.४५ अंश उत्तरेवरच्या एका बोयाने +०.७ अंश सेल्सिअस नोंदवलं. ध्रुवाजवळ डिसेंबर अखेरीस उणे २५ ते उणे ३० हे रोजचं तापमान. आइसलँडजवळच्या एका प्रचंड वादळाने अटलांटिकची ऊबदार हवा थेट ध्रुवाकडे ढकलली होती. प्रारूपं तसं सांगत होतीच. बोयाने त्यावर प्रत्यक्ष मोजमापाचा शिक्का मारला.

आधी माणसं, मग डबे

बर्फाबरोबर वाहत जाऊन मोजायचं, ही कल्पना जुनी आहे. ‘जेनेट’ हे अमेरिकी जहाज जून १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचं सामान, खलाशाच्या विजारीसकट, ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडलं. त्यावरून फ्रिट्यॉफ नान्सेनने ताडलं की, बर्फ एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असला पाहिजे. त्याने ‘फ्राम’ हे जहाज सप्टेंबर १८९३ मध्ये त्या प्रवाहात अडकवलं आणि ऑगस्ट १८९६ मध्ये ते बाहेर आलं, जवळपास ३५ महिन्यांनी.

पुढे १९३७ च्या मे महिन्यात सोव्हिएत विमानांनी ध्रुवाजवळच्या बर्फावर इव्हान पापानिन आणि त्याचे तीन सहकारी उतरवले. ‘उत्तर ध्रुव-१’ नावाचं हे केंद्र २७४ दिवस वाहत राहिलं. चौघांना ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्याजवळून जहाजांनी उचललं. १९९१ पर्यंत अशी ३१ केंद्रं झाली. मग सोव्हिएत संघ संपला आणि ती मालिका थांबली. (रशियाने ती २००३ मध्ये पुन्हा सुरू केली.)

योगायोग असा की, १९९१ मध्येच आंतरराष्ट्रीय आर्क्टिक बोया कार्यक्रम त्या नावाने उभा राहिला. त्याचं मूळ मात्र आधीचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७४ मध्ये बोयांच्या जाळ्याची शिफारस केली, १९७८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात कार्यक्रम स्थापन झाला आणि १९७९ च्या जागतिक हवामान प्रयोगासाठी बोये बर्फावर पोहोचले. सुरुवातीचे बरेचसे विमानातून, पॅराशूटने. त्याच प्रयोगात दक्षिण गोलार्धातल्या महासागरांत सुमारे ३०० तरंगते बोये सोडले गेले. जहाजांची वर्दळ नसलेल्या त्या पट्ट्यात पहिल्यांदाच दाबाचा नकाशा अंदाजपंचे न काढता मोजून काढता आला.

हे सगळं नेमकं तेव्हाच का जमलं? कारण १९७८ मध्ये ‘आर्गोस’ ही फ्रेंच-अमेरिकी उपग्रह सेवा सुरू झाली. विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंच उभे असलेले भूस्थिर उपग्रह साधारण ८१ अंशांपलीकडून क्षितिजाखाली जातात. ध्रुवावरच्या बोयाला ते दिसतच नाहीत. याउलट ध्रुवीय कक्षेतला उपग्रह दिवसाला सुमारे १४ फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातो. जी जागा दूरसंचाराला सगळ्यात वाईट, तीच या उपग्रहांसाठी सगळ्यात सोयीची. बोयाच्या संदेशाची कंप्रता उपग्रह जवळ येताना वाढते आणि दूर जाताना घटते. त्यावरून बोयाची जागा काही शे मीटरच्या फरकाने कळायची. आता बोयावरच जीपीएस असतो, फरक दहाएक मीटरवर आला आहे आणि ६६ उपग्रहांच्या ‘इरिडियम’ जाळ्यातून नोंदी तासातासाला येतात.

विमान का लागतं?

‘मोझाइक’चा अंदाजे खर्च १४ कोटी युरो, कालावधी ३८९ दिवस. भागून पाहा: दिवसाला सुमारे ३ लाख ६० हजार युरो. बर्फ फोडणारं जहाज असं महाग असतं, आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी असतं. शिवाय ते जातं उन्हाळ्यात, आणि जिथे जाता येईल तिथे. त्यामुळे जहाजांनी सोडलेले बोये जहाजांच्या वाटांवर दाटी करतात. मोठं मालवाहू विमान एका उड्डाणात हजारो किलोमीटर ओलांडून, नकाशावरच्या भोकात नेमका बोया टाकून परत येऊ शकतं. खाली धावपट्टी नको, बर्फावर माणूस उतरवायला नको.

अमेरिकी तटरक्षक दलाची सी-१३० विमानं अलास्कातल्या कोडियाकहून अशी उड्डाणं करतात. २०१२ पासून पोलर सायन्स सेंटरच्या शास्त्रज्ञांनी जून ते ऑक्टोबर या महिन्यांत त्यांच्या गस्तीवर स्वार होऊन १५० अंश पश्चिम रेखांशावर ७२ ते ७६ अंश उत्तरेच्या पट्ट्यात वारंवार उपकरणं टाकली. उड्डाण तसंही होणारच होतं. मला या सगळ्या व्यवहारात ही काटकसर सगळ्यात आवडते: विमानाचं इंधन गस्तीच्या खात्यावर, नोंदी विज्ञानाच्या. उत्तर ग्रीनलँडच्या बाजूने डेन्मार्कच्या हवाई दलाने हे काम केलं आहे. २०२० मध्ये अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क, फिनलंड, न्यूझीलंड, नॉर्वे आणि स्वीडन या सात देशांत ध्रुवीय संशोधनाच्या सहकार्याचा जो करार झाला, त्यात अशी उड्डाणं बसतात.

टाकायच्या वस्तू दोन मापांच्या. छोटं माप नौदलाकडून आलेलं आहे. पाणबुड्या शोधण्यासाठी विमानातून ध्वनिबोये टाकतात, त्यांची नळी १२.४ सेंटिमीटर व्यासाची आणि ९१ सेंटिमीटर लांब असते. गस्ती विमानांत ती सोडण्याची सोय आधीपासून असल्यामुळे शास्त्रज्ञांनी आपली उपकरणं त्याच मापात कोंबली. पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजत बुडणारे प्रोब त्यातलेच. ‘अलामो’ नावाचा, स्वतःची घनता बदलून वरखाली पोहणारा छोटा तरंगकही त्यातलाच. मोठे बोये, उदाहरणार्थ ‘ॲक्सिब’, या नळीत मावत नाहीत. ते विमानातून ढकलले जातात, पॅराशूटने उतरतात आणि खाली पोहोचल्यावर स्वतःला उभं करून घेतात. त्यांचा तापमापक उंच काठीवर असतो. आधी सांगितलेल्या हिमाच्या गोधडीवरचा हा इलाज.

बर्फच पातळ झाला तर

१९७९ च्या बोयाला उतरायला जाड, जुना बर्फ होता. रॉन क्वॉक यांनी २०१८ मध्ये पाणबुड्यांच्या जुन्या नोंदी आणि उपग्रहांची मापं एकत्र मांडली, तेव्हा उन्हाळा संपतानाची मध्य आर्क्टिकमधली बर्फाची सरासरी जाडी सहा दशकांत २ मीटरने, म्हणजे सुमारे ६६ टक्क्यांनी घटलेली दिसली. अनेक उन्हाळे टिकलेल्या बर्फाने १९९९ नंतर २० लाख चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र गमावलं; तो निम्म्याहून कमी उरला.

पातळ बर्फ वाऱ्यापुढे टिकत नाही. पिएर रांपाल आणि सहकाऱ्यांनी १९७९ ते २००७ या काळातल्या बोयांचे माग तपासले. बर्फाचा सरासरी वेग दर दशकाला हिवाळ्यात १७ टक्के आणि उन्हाळ्यात ८.५ टक्के वाढलेला निघाला. वारा काही त्या प्रमाणात वाढलेला नव्हता. बर्फाची ताकद कमी झाली होती. याच संदर्भात ‘तारा’ या फ्रेंच शिडाच्या नौकेचं उदाहरण हमखास दिलं जातं: सप्टेंबर २००६ मध्ये बर्फात अडकून ती ५०७ दिवसांत बाहेर पडली, ‘फ्राम’च्या निम्म्याहून कमी वेळात. तुलना आकर्षक आहे, पण ‘तारा’ने सुरुवात ‘फ्राम’पेक्षा काहीशी पुढून केली होती आणि दोन प्रवासांवरून कल सिद्ध होत नाही. रांपाल यांच्या टक्केवारीमागे तीन दशकांचे शेकडो माग आहेत. पुरावा म्हणायचा तर त्याला.

बर्फाची जाडी आणि वेग या दोन आकड्यांचा बोयांच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. आता बोया बर्फावरच पडेल याची खात्री नाही. तो पाण्यात पडू शकतो, तिथेच गोठू शकतो, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्यात येऊ शकतो. म्हणून ‘ॲक्सिब’सारखे बोये दोन्हींत टिकतील असे घडवावे लागले. गोठताना बर्फाचे दोन तक्ते एकमेकांवर चढले, तर मधलं कवच चेपतं. उणे ४० अंशांत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या मान टाकतात, लिथियमच्या तग धरतात. पांढरी अस्वलं कुतूहलापोटी काठ्या चावतात आणि बोये उलटवतात, हेही संशोधक गंभीरपणे नोंदवतात. आणि एवढं सगळं निभावलं तरी प्रवाह आहेच. आर्क्टिकच्या बर्फाच्या क्षेत्रापैकी दरवर्षी साधारण १० टक्के फ्राम सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये वाहून जातो. त्यावर बसलेले बोयेही जातात.

आता एक काल्पनिक हिशेब. १०० बोये सतत चालू ठेवायचे आहेत आणि प्रत्येक सरासरी १८ महिने जगतो, असं धरा. वर्षाला ६७ नवे लागतील. आयुष्य ९ महिन्यांवर आलं, तर १३३. नकाशावर ठिपके तेवढेच, पण त्यासाठीची उड्डाणं आणि खर्च दुप्पट. म्हणून एखाद्या देशाने ‘आम्ही यंदा इतके बोये टाकले’ असं सांगितलं की लगेच दबून जाऊ नये. बोये अधिक टाकावे लागले, कारण अधिक मेले, असंही असू शकतं.

भोकं पडतात तीही ठरावीक बाजूला. बर्फाचा मुख्य ओघ सैबेरियाच्या किनाऱ्याकडून ध्रुवावरून ग्रीनलँडकडे जातो. म्हणजे उगमाची, सैबेरियाची बाजू सगळ्यात आधी रिकामी होते. तिथे पुन्हा पुन्हा टाकत राहणं हाच मार्ग. पण आर्क्टिकच्या किनाऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग रशियाचा आहे आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात संशोधन करायला सागरी कायद्याच्या कलम २४६ नुसार किनारी देशाची संमती लागते. त्यात मार्च २०२२ पासून, युक्रेन युद्धानंतर, आर्क्टिक परिषदेतलं रशियाबरोबरचं कामकाजच थंडावलं. दाबाच्या नकाशातलं सगळ्यात मोठं भोक नेमकं तिथेच आहे. काही बोये पट्ट्याबाहेर टाकायचे आणि वारा कृपा करेल अशी वाट पाहायची, एवढंच हाती उरतं.

ग्रीनलँडभोवतीचे २५० प्रोब

आतापर्यंत बोललो ते वर राहून जगणाऱ्या बोयांबद्दल. काही उपकरणं जगण्यासाठी टाकलीच जात नाहीत. ती काही मिनिटं मोजतात, पृष्ठभागावर राहिलेल्या तरंगकामार्फत विमानाला आकडे कळवतात आणि तळाला जातात.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे जॉश विलिस यांनी २०१६ ते २०२१ या काळात चालवलेली ‘ओशन्स मेल्टिंग ग्रीनलँड’ ही मोहीम अशीच. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की ‘ओएमजी’ होतं. विलिस विनोदी माणूस आहे. सुमारे ३ कोटी डॉलर खर्चाच्या या मोहिमेत दर उन्हाळ्याच्या शेवटी विमानातून ग्रीनलँडभोवती साधारण २५० प्रोब टाकले जात. ते १,००० मीटरपर्यंत तापमान आणि क्षारता मोजत.

हे करायचं कारण, ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर वर थंड, गोडसर पाणी असतं आणि त्याच्या खाली, काही शे मीटर खोल, अटलांटिकचं ऊबदार खारं पाणी. उपग्रहाला वरचा थर दिसतो. हिमनदीचं मूळ कुरतडतो तो खालचा. ग्रीनलँडवर एवढा बर्फ आहे की तो सगळा वितळला तर जगभरचा समुद्र सरासरी ७.४ मीटरने चढेल. तेव्हा त्या खालच्या थराचं तापमान हा काही किरकोळ तपशील नाही.

मोहिमेची पहिली मोठी बातमी उलट्या दिशेची निघाली. याकोबशाव्हन ही ग्रीनलँडची सगळ्यात वेगवान हिमनदी. २०१२ च्या सुमारास ती वर्षाला जवळपास ४० मीटरने पातळ होत होती. २०१६ नंतर ती मंदावली आणि जाड होऊ लागली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने कारण दिलं: तिच्यासमोरच्या डिस्को उपसागरात २०१६ मध्ये आलेलं पाणी १९८० च्या दशकानंतरचं सगळ्यात थंड होतं. काहींनी यावरून ‘बघा, बर्फ वाढतोय’ असा ओरडा केला. आकडे सांगत होते ते वेगळंच. पाण्याचं तापमान थोडं उतरल्याबरोबर एवढी मोठी हिमनदी वागणूक बदलते, तर समुद्राचा तिच्यावरचा ताबा आपण धरत होतो त्याहून बराच अधिक आहे. दोन वर्षांनी मायकेल वुड आणि सहकाऱ्यांनी २२६ हिमनद्यांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ७४ खोल आणि ऊबदार पाण्याच्या फ्योर्डमध्ये उतरतात. १९९२ ते २०१७ मधल्या एकूण घटीपैकी ४९ टक्के घट या ७४ जणींची. समुद्राचं हे पोखरणं धरलं नाही, तर प्रारूपं घट निम्म्याहूनही कमी दाखवतात, हा त्यांचा निष्कर्ष.

बुडणाऱ्या प्रोबच्या आकड्यांतही एक खाच आहे. त्यातले बरेचसे खोली मोजत नाहीत. पाण्याला टेकल्यापासून किती सेकंद झाले त्यावरून ती काढली जाते. जहाजावरून सोडल्या जाणाऱ्या तापमान प्रोबचं बुडण्याचं जुनं सूत्र सुमारे ३.४ टक्क्यांनी कमी खोली सांगत होतं, हे १९९५ मध्ये मान्य झालं. ५०० मीटरवर ही चूक १७ मीटरची होते. ऊबदार आणि थंड थरांची सीमा जिथे असते, तिथे १७ मीटर वर-खाली म्हणजे आकडा पार बदलला. जुन्या नोंदी वापरणाऱ्यांना हा हिशेब आजही करावा लागतो.

दुसरी बाब कुणी फारशी उच्चारत नाही. वर्षाला २५० याप्रमाणे सहा वर्षांत १,५०० प्रोब, त्यांच्या तारा आणि बॅटऱ्यांसकट, ग्रीनलँडच्या समुद्रतळावर गेले. जहाजांच्या फेऱ्यांतून होणाऱ्या प्रदूषणापुढे हा कचरा थोडा आहे, हे खरं. पण तो मोजून दरवर्षी जाहीर करायला काय हरकत आहे? मोजमापाचाच धंदा आहे.

दक्षिणेचा वेगळा पेच

अंटार्क्टिकाचा बर्फ सप्टेंबरात सुमारे १ कोटी ८५ लाख चौरस किलोमीटरवर पसरतो आणि फेब्रुवारीत तीस लाखांच्याही खाली येतो. २०२३ मध्ये हे दोन्ही आकडे विक्रमी घसरले: फेब्रुवारीत १७.९ लाख, सप्टेंबरात १ कोटी ६९.६ लाख. आर्क्टिकचा बर्फ जमिनीने वेढलेला, इथला जमिनीला वेढणारा. तो बाहेरच्या दिशेने पसरतो आणि वितळतो. बर्फावर बसवलेला बोया बहुतेक वेळा एका वर्षाच्या आत उघड्या समुद्रात येतो. आंतरराष्ट्रीय अंटार्क्टिक बोया कार्यक्रम १९९४ पासून आहे, पण अंतरं मोठी, धावपट्ट्या मोजक्या आणि विमानं त्याहून मोजकी. त्यामुळे बोये मुख्यतः जहाजांवरूनच जातात. गंमत म्हणजे या समुद्रात बर्फाखालच्या पाण्याच्या नोंदी पुरवण्यात हत्ती-सीलांनी मोठी बाजी मारली आहे. डोक्यावर चिकटवलेली उपकरणं घेऊन बुड्या मारणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यांकडून २००४ पासून पाच लाखांहून अधिक नोंदमाला जमल्या आहेत.

आता या कामातला भारताचा वाटा पाहायला गोव्याकडे. वास्कोत हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. या केंद्राने चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेबरोबर २३ जुलै २०१४ रोजी स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये ‘इंडआर्क’ हे उपकरण १९२ मीटर खोल पाण्यात नांगरून ठेवलं. तो वाहणारा बोया नव्हे. एका जागी राहून वर्षभर मोजायचं आणि जहाजाने वर काढल्यावर आकडे द्यायचे, अशी त्याची रीत. आर्क्टिकमध्ये भारताला रस का, याचं एक उत्तर याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दिलं: कारा समुद्रातल्या उन्हाळी बर्फाची घट आणि सप्टेंबरमध्ये मध्य भारतात होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असावा. कारा समुद्र सैबेरियाच्या बाजूचा, म्हणजे जिथे दाबाचे बोये सगळ्यात विरळ तिथलाच.

वास्कोपासून थोड्याच अंतरावर दाबोळीला नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ आहे आणि मार्च २०२२ पासून तिथे पी-८आय विमानांचं ३१६ क्रमांकाचं पथक आहे. ध्वनिबोये टाकणं हे त्या विमानांचं रोजचं काम, आणि प्रोबची नळी त्याच मापाची. मग दक्षिण महासागरात आपणच का टाकू नयेत? कल्पना मोहात पाडते, म्हणून मोजून पाहू. या विमानाचा कार्यक्षेत्राचा पल्ला, चार तास जागेवर घिरट्या धरून, सुमारे २,२०० किलोमीटर. गोवा १५ अंश उत्तरेला आणि हिवाळी बर्फाची कड ६० अंश दक्षिणेच्या आसपास. ७५ अंश गुणिले १११ किलोमीटर म्हणजे ८,३०० किलोमीटर. मॉरिशसहून उडायचं म्हटलं तरी ४,४०० उरतात, पल्ल्याच्या नेमके दुप्पट. तेव्हा तूर्त तरी भारताचे प्रोब जहाजाच्या कठड्यावरूनच पाण्यात जातात, जानेवारी २०२० मध्ये पोर्ट लुईहून दक्षिण महासागराकडे निघालेल्या ‘एस. ए. अगुल्हास’ या भाड्याच्या जहाजासारख्या मोहिमांमधून.